शिक्षा न्यायालयाची, सूट मंत्रालयाची

प्रश्न: आसनगाव स्टेशनवर सकाळच्या लोकलची वाट बघताना आमच्या ग्रुपमध्ये वाद झाला. एक जण म्हणाला, भ्रष्टाचारात शिक्षा झालेला पुढारी 'चांगली वर्तणूक' दाखवून मुदतीआधी सुटतो, तसा कायदाच आहे. दुसरा म्हणाला, असं काही नसतं, सुटतात ते जामिनावर. खरं काय? आणि सोडायचं की नाही हे ठरवतं कोण? आमच्या शेजारच्या वाडीतला एक कातकरी तरुण जामीनदार मिळाला नाही म्हणून आधारवाडी तुरुंगात कित्येक महिने अडकून पडला होता. म्हणून विचारावंसं वाटलं.
— एक वाचक, आसनगाव, ता. शहापूर

उत्तर: तुमच्या दोन्ही मित्रांचं अर्धं अर्धं बरोबर आहे. महाराष्ट्रात अलीकडे शिक्षा झालेले जे बडे पुढारी तुरुंगाबाहेर आले, ते जामिनावर आले. पण शिक्षा कमी करून सोडून देण्याची तरतूदही कायद्यात आहे आणि तिची किल्ली सरकारकडे आहे. भ्रष्टाचारात दोषी ठरलेल्या पुढाऱ्यासाठी ती किल्ली फिरता कामा नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आधी गुंता सोडवू, मग मताकडे येतो.

खालच्या कोर्टाने शिक्षा दिली की दोषी माणूस वर अपील करतो आणि अपिलाचा निकाल लागेपर्यंत शिक्षेला स्थगिती व जामीन मागतो. नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचं प्रकरण आठवा. शेतकऱ्यांच्या बँकेतले दीडशे कोटींच्या घरातले पैसे सरकारी रोख्यांत गुंतवायचे म्हणून दलाल कंपन्यांच्या हवाली झाले. रोखे बँकेकडे आले नाहीत, पैसेही परत आले नाहीत. प्रकरण 2002 चं, निकाल लागला 22 डिसेंबर 2023 ला. तेव्हाचे बँकेचे अध्यक्ष आणि नंतरचे मंत्री सुनील केदार यांना 5 वर्षांची शिक्षा झाली, आमदारकी गेली. जानेवारी 2024 मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने जामीन दिला आणि तुरुंगाच्या दारापासून समर्थकांनी मिरवणूक काढली. निकालाला 21 वर्षं लागली, बाहेर यायला तीन आठवडेही लागले नाहीत. दोषसिद्धीला स्थगिती मात्र उच्च न्यायालयाने दिली नाही, त्यामुळे 2024 ची विधानसभा निवडणूक त्यांना लढवता आली नाही. त्यांच्या सावनेर मतदारसंघातून पत्नी उभ्या राहिल्या आणि पराभूत झाल्या.

जळगावच्या घरकुल प्रकरणाचं वळणही असंच. झोपडपट्टीतल्या कुटुंबांसाठी 11 हजारांवर घरं बांधायची होती, उभी राहिली दीड हजारांच्या आसपास. तेव्हाचे महापालिका आयुक्त प्रवीण गेडाम यांनी 2006 मध्ये फिर्याद दिली. 31 ऑगस्ट 2019 ला धुळ्याच्या विशेष न्यायालयाने 48 जणांना दोषी ठरवलं. माजी मंत्री सुरेश जैन यांना 7 वर्षं आणि 100 कोटी रुपये दंड, गुलाबराव देवकर यांना 5 वर्षं. प्रकरण अपिलात गेलं, जामीन झाले.

या जामिनांवर माझा रोख नाही. अपील हा प्रत्येकाचा हक्क आहे आणि वरचं कोर्ट खालच्या कोर्टाची चूक सुधारू शकतं. खटले वीस-वीस वर्षं रेंगाळतात हे दुखणं खरं, पण ते वेगळं आहे.

आता तुरुंगाच्या आतला हिशेब. पक्क्या कैद्याला, म्हणजे शिक्षा लागलेल्याला, महाराष्ट्रात दोन प्रकारच्या रजा मिळतात. संचित रजा म्हणजे फर्लो आणि अभिवचन रजा म्हणजे पॅरोल. दोन्हींचे नियम 1959 पासूनचे आहेत, त्यात वेळोवेळी बदल झाले. फर्लोचे दिवस शिक्षेत धरले जातात, पॅरोलचे धरत नाहीत. पॅरोलवर महिनाभर बाहेर राहिलेल्याला तो महिना पुढे आत काढावाच लागतो. रजा झाली की कैदी परत येतो. यालाही 'सुटला' म्हणण्याची सवय आहे, पण ती सुटका नव्हे.

तिसरी गोष्ट म्हणजे माफी. 1962 च्या नियमांनुसार नेमून दिलेलं काम नीट केलं, शिस्त पाळली, की महिन्याकाठी काही दिवस शिक्षेतून वजा होत जातात. संजय दत्त 25 फेब्रुवारी 2016 ला येरवड्यातून बाहेर आला, तो असे दिवस साठून. 5 वर्षांच्या शिक्षेतून सुमारे साडेआठ महिने कमी झाले होते. त्याचा गुन्हा शस्त्रास्त्र कायद्याखालचा होता, भ्रष्टाचाराचा नव्हे. पण त्या वेळी आपल्याकडे जो गदारोळ झाला, त्यातून माफी ही काय चीज आहे ते बऱ्याच लोकांना पहिल्यांदा कळलं.

चौथी आणि सगळ्यात मोठी सत्ता सरकारची. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 473, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं 432, राज्य सरकारला सांगतं की शिक्षेचा कोणताही भाग तुम्ही माफ करू शकता. 'कोणताही' म्हणजे दंडसुद्धा. याशिवाय राज्यघटनेच्या अनुच्छेद 161 प्रमाणे राज्यपालांना माफीचा अधिकार आहे, पण तो मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वापरायचा असतो. कलम 473 वापरताना तपास सीबीआयचा असेल तर केंद्राची संमती लागते.

फाईल कशी फिरते ते पाहिलं की तुमच्या 'ठरवतं कोण' या प्रश्नाचं उत्तर मिळतं. तुरुंग अधीक्षक कैद्याच्या वर्तणुकीचा अहवाल बनवतात. हा माणूस सुटला तर काही गडबड होईल का, याबद्दल पोलिसांचं मत घेतलं जातं. शिक्षा देणाऱ्या न्यायालयाचं मत मागवता येतं. मग प्रकरण तुरुंग महानिरीक्षकांकडून मंत्रालयात गृह विभागात जातं. शेवटची सही तिथे होते. गृह विभागाच्या डोक्यावर गृहमंत्री असतो आणि गृहमंत्री हा निवडणूक लढवणारा राजकारणी असतो. माझा सगळा आक्षेप या एका जागी येऊन थांबतो.

चोरी करणारा, मारामारी करणारा, अगदी खून करणारा कैदी सरकारला ओळखत नसतो. त्याची फाईल थंड डोक्याने वाचली जाण्याची निदान शक्यता तरी असते. शिक्षा झालेला पुढारी मात्र सही करणाऱ्याच्या ओळखीचा असतो. कधी तो त्याच्याच पक्षातला असतो, कधी कालचा सहकारी, कधी उद्या युतीसाठी लागणारा. विरोधातला असला तरी चिंता मिटत नाही, कारण माफीचं गाजर दाखवून पक्ष बदलायला लावता येतं. गेल्या काही वर्षांत आपल्या राज्यात पक्ष कसे फुटले आणि कोण कुठे गेलं, हे पाहिलेल्या माणसाला ही भीती पटवून द्यायची गरज नाही.

अशी सही झालेली आहे. आंध्र प्रदेशात काँग्रेसच्या एका महिला आमदाराचे पती गौरू व्यंकट रेड्डी यांना राजकीय हत्येच्या प्रकरणात 10 वर्षांची शिक्षा होती. 2005 मध्ये राज्यपालांच्या आदेशाने त्यांची उरलेली शिक्षा माफ झाली. सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये तो आदेश रद्द केला आणि जात, धर्म, राजकीय निष्ठा पाहून माफी देता येत नाही, असं बजावलं. गुजरात दंगलीतल्या बिल्किस बानो अत्याचार प्रकरणातही 11 दोषींना गुजरातने दिलेली सूट न्यायालयाने 8 जानेवारी 2024 ला मोडीत काढली. खटला मुंबईत चालला होता, म्हणून सूट देण्याचा अधिकार महाराष्ट्राचा होता, गुजरातचा नव्हे. या दोन्ही प्रकरणांत कोणीतरी न्यायालयाचं दार ठोठावलं म्हणून चूक उघडी पडली. भ्रष्टाचाराच्या गुन्ह्यात दार ठोठावायला जाईल कोण? खुनात मेलेल्याची बायको-मुलं असतात. योजनेचा पैसा खाल्ला जातो तेव्हा नुकसान हजारो घरांत थोडं थोडं वाटलं जातं, आणि एकही घर स्वतःला फिर्यादी समजत नाही.

'चांगली वर्तणूक' या कसोटीबद्दलही बोललं पाहिजे. मुदतीआधी सोडताना काय पाहावं, ते सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली लक्ष्मण नस्कर प्रकरणात सांगितलं आहे. गुन्ह्याचा परिणाम सगळ्या समाजावर होतो का, कैदी पुन्हा गुन्हा करेल का, गुन्हा करण्याची ताकद त्याच्यात उरली आहे का, घरची परिस्थिती कशी आहे. रागाच्या भरात कोयता उचललेल्या माणसाने आठ वर्षं कोणाशी भांडण केलं नाही, तर तो बदलला असं मानायला जागा आहे. पण पुढाऱ्याने गुन्हा केला तो कागदावर सही करून. तुरुंगात ना कसलं टेंडर असतं, ना बँकेचं अध्यक्षपद. तिथली त्याची शांत वागणूक त्याच्या गुन्ह्याबद्दल काहीच सांगत नाही. गुन्हा करण्याची त्याची ताकद हातापायांत नसून खुर्चीत असते, आणि खुर्ची बाहेर वाट पाहत असते.

वजनदार माणसापुढे तुरुंगाची शिस्त किती टिकते, याचं उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं आहे. अण्णाभाऊ साठे महामंडळातल्या घोटाळ्याच्या प्रकरणातले आरोपी, माजी आमदार रमेश कदम ठाण्याच्या कारागृहात होते. ते तेव्हा कच्चे कैदी होते, दोषी ठरलेले नव्हते, हे आवर्जून लिहितो. ऑक्टोबर 2019 मध्ये, विधानसभेच्या मतदानाला दोन-तीन दिवस उरले असताना, पोलीस बंदोबस्तात त्यांना तपासणीसाठी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात नेण्यात आलं. त्यानंतर ते सापडले घोडबंदर रस्त्यावरच्या एका फ्लॅटमध्ये. छापा घालणाऱ्या पोलिसांना तिथे 53 लाखांहून जास्त रोकड मिळाली. सोबतच्या पोलिसांवर कारवाई झाली. ज्या तुरुंग व्यवस्थेतून आणि ज्या बंदोबस्तातून हे घडू शकतं, तिथूनच उद्या वर्तणुकीचा अहवाल निघणार असेल, तर त्या अहवालावर विसंबून शिक्षा कमी करायची का, याचा विचार करा.

तुम्ही म्हणाल, भ्रष्टाचाराचे गुन्हे सवलतीतून वगळलेले असतात ना? काही वेळा असतात. महात्मा गांधींच्या 150 व्या जयंतीनिमित्त केंद्राने 2018 मध्ये विशेष सूट जाहीर केली. अर्धी शिक्षा भोगलेले साठीपुढचे पुरुष, पंचावन्नपुढच्या स्त्रिया, अपंग, दुर्धर आजारी अशांना सोडायचं होतं. त्यातून भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखालचे दोषी वगळले होते. कोविडमध्ये महाराष्ट्राच्या उच्चाधिकार समितीनेही मोठे आर्थिक गुन्हे आणि बँक घोटाळे सवलतीबाहेर ठेवले. दोन्ही वेळा योग्यच झालं. पण ही वगळणूक त्या त्या योजनेपुरती होती. पुढची योजना वेगळी निघाली की जुनं कुंपण गायब.

हरयाणाचे माजी मुख्यमंत्री ओमप्रकाश चौटाला यांच्या बाबतीत हेच झालं. 3,206 शिक्षकांच्या भरतीत गुणांच्या याद्या बदलल्याबद्दल जानेवारी 2013 मध्ये त्यांना 10 वर्षांची शिक्षा झाली. 2018 च्या सवलतीसाठी त्यांनी वयाचा आधार घेऊन धडपड केली, तेव्हा भ्रष्टाचार कायद्याचं कलम आडवं आलं. पुढे कोविडच्या काळात दिल्ली सरकारने तुरुंगातली गर्दी कमी करण्यासाठी वेगळा आदेश काढला, की 10 वर्षांपैकी साडेनऊ वर्षं झालेल्यांना उरलेल्या सहा महिन्यांची सूट. त्या आदेशात चौटाला बसले आणि जुलै 2021 मध्ये सुटले. सहा महिनेच तर होते, असं कोणी म्हणेल. मला त्या सहा महिन्यांपेक्षा एका आदेशात बंद असलेलं दार दुसऱ्या आदेशात उघडं सापडलं, हे जास्त खुपतं.

आणखी एक फट आहे. वगळणूक 'भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा' असं नाव घेऊन होते. पण नागपूर बँकेचा निकाल दंडाधिकारी न्यायालयाचा होता आणि शिक्षा झाली ती भारतीय दंड विधानाच्या कलम 409 सारख्या, म्हणजे विश्वासघाताच्या आणि बनावट कागदपत्रांच्या कलमांखाली. सहकारी बँका, साखर कारखाने, पतसंस्था इथले घोटाळे बहुतेक याच वाटेने कोर्टात जातात. भ्रष्टाचार कायद्याचं नाव लिहून सवलत अडवली, तरी महाराष्ट्रातल्या भ्रष्टाचाराचा मोठा हिस्सा बाजूने निसटेल. आपल्याकडे सत्ता सहकारातून उभी राहते, म्हणून हे नीट समजून घ्या.

आता ज्याची चर्चा जवळपास होतच नाही तो मुद्दा. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 8 प्रमाणे वर सांगितली तशी तुरुंगवासाची शिक्षा झालेला माणूस दोषी ठरल्याच्या दिवसापासून अपात्र होतो आणि सुटकेनंतर आणखी 6 वर्षं अपात्र राहतो. मोजणी सुटकेच्या तारखेपासून आहे, हे लक्षात ठेवा. 7 वर्षांची शिक्षा पूर्ण भोगली तर 13 वर्षं निवडणूक नाही. सरकारने त्याला चौथ्या वर्षी सोडलं तर 10 वर्षांतच तो उमेदवारी अर्ज भरायला मोकळा. दर पाच वर्षांनी येणाऱ्या निवडणुकीच्या हिशेबात एक अख्खी विधानसभा त्याला परत मिळू शकते. माफीने दोषसिद्धी पुसली जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1961 मध्येच सांगितलं आहे. पण अपात्रतेचं घड्याळ मात्र पुढे सरकतं. सामान्य कैद्याला माफीतून घर मिळतं. पुढाऱ्याला घर मिळतं आणि मतदारसंघही.

त्यात पुन्हा कलम 11 आहे. निवडणूक आयोग ही अपात्रता कमी करू शकतो. सिक्कीमचे प्रेमसिंग तमांग यांना दुभत्या गाई वाटण्याच्या सरकारी योजनेतल्या भ्रष्टाचारात एक वर्षाची शिक्षा झाली. ती भोगून ते 2018 मध्ये सुटले, 2019 मध्ये मुख्यमंत्री झाले. मग आयोगाने त्यांची 6 वर्षांची अपात्रता 1 वर्ष 1 महिन्यावर आणली आणि ते पोटनिवडणूक लढले. हे कायद्यात बसतं. मला ते चूकच वाटतं.

माझ्या मताविरुद्ध सगळ्यात जड युक्तिवाद माणुसकीचा आहे. ऐंशी वर्षांचा, डायलिसिसवरचा माणूस आत ठेवून काय साधतं? काहीच नाही, आणि मी तसं म्हणतही नाही. मरणाच्या दारातल्या कैद्याला घरी जाऊ द्यावं, तो पुढारी असला तरी. मात्र त्याचं आजारपण सरकारी डॉक्टरांच्या मंडळाने तपासलेलं असावं, कारण जाहीर व्हावं आणि अपात्रता मूळ शिक्षेच्या शेवटच्या दिवसापासून मोजली जावी. जो खरोखर आजारी आहे त्याची या अटींनी काहीच अडचण होणार नाही. दुसरा युक्तिवाद समानतेचा, की कायद्यापुढे सगळे सारखे, मग पुढाऱ्याला वेगळी वागणूक का? उत्तर असं, की सवलत देणारा आणि घेणारा एकाच वर्गातले आहेत असं दुसऱ्या कुठल्याच कैद्याच्या बाबतीत होत नाही. स्वतःच्या माणसाचं प्रकरण स्वतः निकाली काढू नये, हा न्यायाचा जुना नियम आहे.

माफीची सत्ता मुळातच काढून टाका, असं मी म्हणत नाही, त्याचं कारण आपल्याच राज्यात घडलंय. अण्णा हजारे यांनी तेव्हाचे समाजकल्याण मंत्री बबनराव घोलप यांच्यावर भ्रष्टाचाराचे आरोप केले. घोलप यांनी बदनामीचा खटला भरला आणि 1998 मध्ये अण्णांना तीन महिन्यांची कैद झाली. लोक संतापले, शेवटी सरकारने आदेश काढून अण्णांना मुदतीआधी सोडलं. 1999 मध्ये घोलप यांना मंत्रिपद सोडावं लागलं. पुढे 21 मार्च 2014 ला बेहिशेबी मालमत्तेच्या खटल्यात खालच्या न्यायालयाने त्यांना 3 वर्षांची शिक्षा सुनावली. मुदतीआधी सोडण्याचा अधिकार अण्णांसारख्या माणसासाठी हवाच.

तो तुमच्या शेजारच्या वाडीतल्या तरुणासाठीही हवा, खरं तर त्याच्यासाठी आधी. तो तर दोषीही ठरला नव्हता, त्यामुळे त्याला माफी नव्हे, दुसरी तरतूद लागू होते. नव्या संहितेच्या कलम 479 प्रमाणे पहिल्यांदाच आरोपी झालेल्या कच्च्या कैद्याने संभाव्य कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल, तर त्याला जातमुचलक्यावर सोडायचं असतं, जन्मठेप किंवा फाशी होऊ शकते असे गुन्हे सोडून. एकाहून जास्त गुन्ह्यांचे खटले चालू असतील तर ही सोय मिळत नाही. अर्ज तुरुंग अधीक्षकांनीच कोर्टात करायचा असतो. तसा तरुण पुन्हा अडकला, तर तालुका विधी सेवा समितीकडे जा, वकील फुकट मिळतो.

शहापूर-मुरबाडच्या माणसाला या विषयाची झळ कशी लागते, ते तुम्हाला मी सांगायला नको. भातसा, तानसा, मोडकसागरचं पाणी मुंबईला जातं आणि एप्रिल-मेमध्ये शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर बाया टँकरची वाट बघत हंडे लावून उभ्या असतात. मुरबाडच्या काळू धरणाचं काम वनखात्याची परवानगी नसताना सुरू झालं, श्रमिक मुक्ती संघटना कोर्टात गेली आणि 2012 मध्ये उच्च न्यायालयाने ते थांबवलं. आदिवासी विकास विभागातल्या 2004 ते 2009 या काळातल्या योजनांची चौकशी निवृत्त न्यायमूर्ती गायकवाड यांच्या समितीने केली, अहवाल 2017 मध्ये आला. अशा प्रकरणांतलं एखादंच खटल्यापर्यंत पोचतं. त्यातलं एखादं निकालापर्यंत जातं आणि त्यातही शिक्षा कायम होणं विरळा. इतक्या गाळण्यांतून शेवटी जो दोषी उरतो, त्याने न्यायालयाने दिलेले दिवस पूर्ण काढावेत, एवढीच माझी मागणी आहे. त्यासाठी 1962 च्या नियमांत कायमचा अपवाद लिहावा लागेल आणि तो कायद्याच्या नावावरून नको, कृत्यावरून हवा. निवडून आलेल्या किंवा सार्वजनिक पदावरच्या माणसाने पदाचा वापर करून लोकांचा पैसा हडपला, तर कलम कुठलंही असो, सरकारी माफी नाही. नियम राज्याचे आहेत, त्यामुळे ही दुरुस्ती मुंबईतच होऊ शकते, पण कलम 473 आणि अनुच्छेद 161 मधली सत्ता तेवढ्याने संपत नाही. अपात्रतेची मोजणी बदलायची तर मात्र संसदेत जावं लागेल.

मग तुमच्यासारख्यांनी करायचं काय? एक अर्ज करा. माहितीच्या अधिकाराखाली, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून, जन माहिती अधिकारी, गृह विभाग, मंत्रालय, मुंबई या पत्त्यावर. त्यात नावं विचारू नका, नावांवरून अर्ज फेटाळला जाण्याची भीती असते. विचारा असं: गेल्या 10 वर्षांत भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा आणि भारतीय दंड विधान कलम 409 खाली शिक्षा झालेल्या किती कैद्यांना राज्य सरकारने शिक्षेत सूट दिली, प्रत्येकाला किती दिवसांची, कोणत्या आदेशाने, आणि किती प्रकरणांत शिक्षा देणाऱ्या न्यायालयाचं मत घेतलं. 30 दिवसांत उत्तर यायला हवं. नाही आलं तर पुढच्या 30 दिवसांत त्याच विभागाच्या अपिलीय अधिकाऱ्याकडे पहिलं अपील टाका. जे उत्तर येईल त्याची प्रत या स्तंभाकडे पाठवा, ती जशीच्या तशी छापू.